बदललेले शेवटचे प्रकरण

९ मार्च, सायंकाळी सहा. वाचनालयाच्या वरच्या खोलीत लेखिकेने अकरावी चिठ्ठी उलगडली आणि तिचा चेहरा पडला. अकराही चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होते : मोलकरीण.

उत्तर बरोबर होते, हीच तर पंचाईत. आपल्या पहिल्यावहिल्या कुमार रहस्यकादंबरीचे शेवटचे प्रकरण काढून ठेवून तिने हस्तलिखित अकरा मुलामुलींना वाचायला दिले होते. बंगल्यातल्या मुलीचा खून कोणी केला, हे एकालाही ओळखता येऊ नये, अशी प्रकाशकांची अट होती.

"बाई, रहस्य पहिल्याच फटक्यात फुटलं," प्रकाशक म्हणाले. "असं पुस्तक छापू कसं?"

"पण मी तर तिच्याविरुद्ध एकही धागा ठेवला नव्हता!" लेखिका मुलांकडे वळली. "कशावरून ओळखलंत रे?"

"ती मालकिणीची लिपस्टिक लावते," एक मुलगी म्हणाली.

"आणि सारखी हसते," एक चष्मेवाला मुलगा म्हणाला. "चालू आहे ती."

"आणि शेजारच्या बंगल्यातला तो मुलगा? त्या मुलीचं मनगट पिरगाळतो, तो?" लेखिकेने विचारले.

"अहो, प्रेम आहे त्याचं!" सगळे खिदळले.

लेखिका बुचकळ्यात पडली. लिपस्टिक तिने निव्वळ गंमत म्हणून घातली होती. घरी येऊन तिने हस्तलिखित पहिल्या ओळीपासून तपासले. मागच्या दाराची किल्ली त्या मुलाजवळ, चिखलाने भरलेले बूट त्याचे, धमकीही त्याचीच. वाचकाला चकवण्यासाठी हे सारे तिनेच पेरले होते. मग आपण तरी मोलकरणीला खुनी का ठरवले? पुष्कळ डोके खाजवूनही तिला कारण सापडेना.

तिने शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले. खुनी तो मुलगा. आधीच्या पानांत कान्यामात्रेचाही फरक केला नाही. आता तर शेंबडे पोरही ओळखेल, पुस्तक बुडालेच, असे धरून ती महिन्याभराने दुसऱ्या अकरा वाचकांसमोर बसली. त्यांत तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगीही होती. चिठ्ठ्या उलगडल्यावर लेखिकेने तिलाच विचारले, "तूसुद्धा? तुला खरंच वाटतं, मोलकरणीनं मारलं?"

"मारलं कोणी, ते नाही सांगता येणार, मावशी. पण शेवटी धरतात तिलाच ना?"

लेखिकेने तिच्या चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. नवा शेवट वाचून आलेले प्रकाशक मात्र खुर्चीतून उठलेच. "मानलं बाई तुम्हाला! उद्याच छपाईला टाकतो."

अकरांपैकी बरोबर उत्तरे : शून्य.