राजनंदिनीची अंगदुखी

सकाळी जाग आली तेव्हा राजनंदिनीचा हात वर होईना. मांड्या आतून पेटल्यासारख्या झाल्या होत्या. भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात आली.

तिचे आजोबा नव्वदीतही जमिनीवर छान मांडी घालून बसले होते आणि कांतिवेलीचा अर्क चमच्यात ओतून घेत होते. हा अर्क घरोघरी आला, तशी म्हातारी माणसं पुन्हा जिने चढू लागली होती. राजनंदिनीही तो लहानपणापासून घ्यायची. गेल्या आठवड्यात मात्र आजोबांनी तिचा चमचा बंद केला. दोन वर्षं तालमीत घाम गाळूनही पोरीचे दंड भरत नव्हते.

“आज्जा, मला कायतरी झालंय. दवाखान्यात चला.”

“कुठं दुखतंय?”

“सगळीकडं. पण लागलेलं तर कुठंच नाही.”

आजोबांनी तिचा दंड दाबला. ती ओरडली, आणि आजोबा खदाखदा हसायला लागले.

“अगं, काल जोर-बैठका मारल्यास ना? अंग दुखतंय तुझं! आमच्या वेळी सगळ्या तालमीचं दुखायचं. थोडं झिजल्याशिवाय शरीर नवं बांधायला घेत नाही, आणि हा अर्क झिजूच देत नाही.”

तिचा हात सवयीनं बाटलीकडे गेला. आजोबांनी बाटली मागं सरकवली.

“हे माझ्या गुडघ्यांसाठी. तुझ्या दंडांसाठी नव्हे.”

“उद्या थांबेल का?”

“उद्या जास्त दुखेल.”

राजनंदिनीनं दंड हळूच दाबून पाहिला. दुखला. मग तिनं मोठ्या आशेनं दुसराही दाबला.