ओढ्याचं वळण

गेल्या वर्षी शेजारगावच्या जत्रेत न्हावरे गावच्या लालमहंमदची घोडी शर्यतीत ओढ्याच्या वळणावर दगडांत आपटली. पुढचे दोन्ही पाय मोडले आणि मालकाच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं जीव सोडला. तेव्हा त्याच्या शेजारी बसून ढसाढसा रडलेला नवनाथ यंदा जुन्या अध्यक्षाला पाडून जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला.

लालमहंमद मोठ्या आशेनं त्याच्या घरी गेला.

"अध्यक्ष, तेवढं वळण काढून टाका. औंदा दुसऱ्या घोडीवर माझा पोरगा शाकीर बसणार हाय."

"मामा, पयलं काम त्याच वळणाचं," नवनाथनं शब्द दिला.

जत्रा दोन दिवसांवर आली आणि वळणावर जेसीबी लागल्याचं कळलं. लालमहंमद हरखून मोटारसायकलवर तिथं पोचला. रस्त्यातले दगड होते तसेच होते. कडेला मात्र मातीचा उंच भराव टाकून त्यावर खुर्च्यांच्या रांगा मांडणं चाललं होतं.

"अध्यक्ष, आन् वळण?"

 

नवनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुमची घोडी पडलेला व्हिडिओ दहा लाख लोकांनी बघितला. औंदा समद्यांना इथंच बसायचंय."