फाटक ओलांडेपर्यंत

माणसाने अखेर खड्ड्यांवर विजय मिळवला. खड्डे होते तिथेच राहिले, फक्त गाड्या शहाण्या झाल्या. आतलं बोलणं ऐकून गाडी आपलं सस्पेन्शन जुळवून घेई. गप्पा चालू असल्या की मऊ, म्हणजे दणके बसत नसत. माणूस एकटा असला की कडक, म्हणजे वळणावर गाडी रस्ता धरून राही. एकट्या माणसाला वेगात वळायचं असतं, असं कंपनीचं ठाम मत होतं.

मोरेश्वर टिपणीस एकटेच असत आणि त्यांचा मणका सरकलेला होता. महिनाभर दणके खाऊन ते मिरजेतल्या यास्मिन मुजावरच्या गॅरेजमध्ये आले.

"मऊ स्प्रिंगा टाक, बाई."

"टाकल्या तरी गाडी पुन्हा कडक करणार, काका. रेडिओ लावून बघितला?"

"पाच मिनिटांत ओळखलं तिने. निवेदक माझ्या उत्तरासाठी थांबत नाही ना."

"मग स्वतःशीच बोलायचं."

"बोललो. विषय संपले."

चाचणीसाठी यास्मिन बाजूला बसायला गेली, तर सीटवर पोतं.

"हे काय?"

"ज्वारी. वजनाला फसेल वाटलं."

"फसली?"

"पोत्याला पट्टा लावा म्हणाली."

पोतं मागे टाकून दोघं निघाले. यास्मिन हसतच होती, आणि रेल्वे फाटकाचे रूळ कधी गेले ते टिपणीसांच्या कंबरेला कळलंच नाही.

परतल्यावर तिने सगळं तपासलं. "काका, गाडीत काही बिघाड नाही."

पोतं पुन्हा पुढे घ्यायला गेलेला टिपणीसांचा हात थांबला.

"उद्या मंडईतून कोथिंबीर आणायची आहे. फाटक ओलांडेपर्यंत येशील?"