धक्क्यावरचा निरोप

“बोट सुटायची वेळ झाली तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूसही नव्हता, कुमुद,” कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात चहा ढवळत श्रीरंग म्हणाला. “रडली असतीस, तर विलायतेला गेलोच नसतो मी.”

कुमुदताई थक्क झाल्या. “अरे, आपणच ठरवलं होतं ना? एम.ए.ला त्या आत्म्याच्या प्रेमाच्या कविता वाचून! आत्मे एक असले की ताटातूट नसतेच, म्हणून रडायचं नाही.”

“ठरवलं होतं गं. पण तू ते कधी मोडतेस, याचीच मी वाट बघत होतो.”

“वेड्या! घरी जाऊन मी आठवडाभर जेवले नव्हते.”

तेवढ्यात त्याची बायको शाल घेऊन आली. “अहो, वारा सुटलाय!” म्हणत त्याचा गार हात आपल्या हातांत घेऊन चोळू लागली.

कुमुदताई बघत राहिल्या. त्यांनी तो हात एकदाही धरला नव्हता.