चौथं भिंग

परक्या देशात पाऊल ठेवलं आणि घड्याळजींचा चष्मा हरवला. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, आता समोरचा जिनाही चाचपडत उतरू लागला. शेवटी बायकोने दंडाला धरून त्यांना हॉटेलखालच्या चष्म्याच्या दुकानात आणलं.

दुकानदाराला त्यांची भाषा येत नव्हती, पण काम येत होतं. त्याने यंत्रावर नंबर काढला, घड्याळजींच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवली, तिच्यात भिंग सरकवलं आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. घड्याळजींनी मान हलवली. दिसत नाही. दुसरं भिंग घातलं, तिसरं घातलं, चौथं घातलं, तरी मान तशीच हलली. दुकानदाराने डोकं खाजवत यंत्रातला कागद पुन्हा वाचला. नंबर तर बरोबर होता.

"अहो, नीट बघा तरी," बायको म्हणाली.

"बघतोय ना! नाही दिसत, त्याला मी काय करू? त्यांना सांग, आज नाही जमत. उद्या येऊ. इतकी कसली घाई आहे?"

बायको उठली. तिने हलक्या हाताने ती चौकट उतरवली आणि पर्समधून एक मोजा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मोज्यात त्यांचा चष्मा होता, साधा ओरखडाही न पडलेला.

"काल तुमच्या बॅगेच्या तळाशी सापडला," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथेच. शवागारात मी एकटी जाते. तो आपलाच लेक आहे का, ते मी बघून येते."