नावासकट

"इंजेक्शनचा अंमल आहे तोवर मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर नवी प्रथिनं बनणार नाहीत. आत्ता जे आठवाल ते पुन्हा पक्कं होणार नाही, कायमचं पुसलं जाईल. तेव्हा जो विसरायचाय फक्त तो अपघातच आठवा," डॉक्टरांनी अनसूयाबाईंना बजावलं.

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. त्यांना हसवायला नणंद कुमुद म्हणाली, "घाबरताय काय वहिनी! लग्नातला उखाणा घ्या बघू."

अनसूयाबाई लाजल्या आणि नावासकट उखाणा घेऊन मोकळ्या झाल्या.

दाराशी उभे असलेले दिगंबरराव 'थांब' म्हणेपर्यंत नाव घेऊन झालं होतं. उखाण्याबाहेर बायकोने त्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून अनसूयाबाईंनी हाक मारली, "अहो, तीर्थ घ्या."

दिगंबररावांनी हात पुढे केला. 'माझं नाव काय,' हे विचारायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.