द्रौपदाबाईंचं शनिवारचं पत्र

द्रौपदाबाई नावाच्या कोणी बाई खरंच आहेत का, एवढं पाहायला योगराजला जळगावहून धुळ्यातल्या देवपूरला पाठवलं होतं.

तो एका दैनिकाचं क्रीडा पान सांभाळायचा. दर शनिवारी त्या पानावर द्रौपदाबाईंचं पत्र असायचं. दीड वर्षात एकही शनिवार चुकला नव्हता. हल्ली काही वाचक म्हणू लागले होते की बाईबिई कोणी नाही, पेपरवालेच लिहितात. संपादकांनी योगराजला सांगितलं, बाईंना भेटून ये, नाहीतर पत्र बंद.

बाईंच्या नवऱ्याने त्याला ओट्यावरच खुर्ची दिली. आत पसारा आहे म्हणाले. आधार आबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. चहा त्यांनी स्वतःच करून आणला. आलं जरा जास्त झालं होतं.

"बाई घरी नाहीत?"

"मुलीकडे गेली. मुक्ताईनगरला."

योगराजने मान हलवली आणि येण्याचं कारण सांगितलं. आबांनी बशी खाली ठेवली.

"बंद म्हणजे? तिचं नावच येणार नाही?"

"नाही येणार."

एक भाजीवाली हाका देत गेली, तिला आबांनी हातानेच नको म्हटलं. मग योगराजनेच विषय पुढे नेला. पत्रातलं अक्षर पुरुषाचं वाटतं असं ऑफिसात सगळे म्हणतात, हे त्याने सांगून टाकलं.

आबांनी ते लगेच कबूल केलं. बाई चौथीपर्यंत शिकलेली, वाचायला पटपट, पण लिहायचा कंटाळा.

"अक्षर माझं आहे, भाऊ. बाकी बठ्ठं तिनंच शे, सगळं तिचंच."

"तुम्ही स्वतः काय खेळायचे, आबा?"

"कॅरम. तोही हरायचो."

दोघंही हसले. मग आबा मोकळे झाले. लग्नाआधी बाई माहेरी कबड्डी खेळायची. लग्नानंतर वरणगावला बायकांचा संघ नव्हता, तेव्हा ती कामगारांचे सामने बघायला जायची. रेषेजवळ उभी राहून पंचाची चूक काढायची. एकदा एका पंचाने आबांना बोलावून सांगितलं होतं, मिस्त्री, बाईंना जरा मागे घ्या. आबांनी बाईंऐवजी पंचालाच समजावलं होतं. घरात पेपर आला की ती शेवटच्या पानापासून वाचायची आणि पहिलं पान आबांना मिळायला दुपार व्हायची.

योगराजला बाईंची पत्रं जवळजवळ पाठ होती. जिंकलेल्या मुलीची बातमी आली की मथळ्यात ती कोणाची लेक, बाप काय करतो, हेच असतं. बाईंनी लिहिलं होतं, ती कोणाची लेक ते शेवटी सांगा, तिने चढाई कशी केली ते आधी सांगा. ते वाचल्यापासून योगराज बातमी तशीच लिहायला लागला होता. खो-खोच्या पोरींची बारा नावं त्याने पूर्ण छापली, तेव्हा बाईंनी दोन ओळींचं कौतुक पाठवलं होतं. ते कात्रण त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. हे मात्र तो आबांना बोलला नाही.

त्याने रविवारचा विषय काढला. धुळ्याच्या मुली अंतिम सामना हरल्या होत्या. शेवटची चढाई होती आणि संघ एका गुणाने मागे होता. बोनसचा एक गुण घेऊन परत आली असती तर बरोबरी झाली असती, पण चढाईला गेलेली मुलगी दोन गुण घ्यायला कोपऱ्यात घुसली आणि पकडली गेली. योगराजने मथळा दिला होता, घाई नडली.

"बाईंचं काय मत?"

आबांनी विचार करायला वेळ घेतला नाही.

"ती म्हणते, मथळा चुकला. घाई नव्हती ती, हिंमत होती. बरोबरीसाठी खेळणाऱ्या पुष्कळ असतात. ही पोरगी जिंकायला गेली, तिला पुढच्या सामन्यातही शेवटची चढाई द्या."

आबा पुढे सांगत राहिले. टीव्हीवाल्याने त्या रडणाऱ्या मुलीच्या तोंडापुढे माइक धरला. हरलेल्या पोरीला आधी पाणी द्या, मग प्रश्न विचारा, एवढं तरी त्यांना कोणी शिकवावं. आणि सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या कप्तानाने तिला हात देऊन उठवलं, ते एकाही कॅमेऱ्याने दाखवलं नाही. मैदानावर असलेल्यांनाच ते दिसलं.

"तुम्ही मैदानावर होतात?"

"हो," आबा म्हणाले. "ती एकही सामना चुकवत नाही."

ते आत गेले आणि शनिवारचं पत्र घेऊन आले. दोन्ही बाजूंनी लिहिलेला फुलस्केप होता, खाली सही, सौ. द्रौपदाबाई आधार. कागद त्यांनी पुढे केला.

"एवढं तरी छापाल का, भाऊ? शेवटचं म्हणून?"

योगराजने पत्र तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं. मग घडी घालून बॅगेत ठेवलं.

"शनिवारी येईल. पुढच्या शनिवारचंही पाठवा. बाईंना भेटून आलो, असं मी संपादकांना सांगतो."

पायरीपर्यंत आबा त्याच्याबरोबर आले.

"पण भेट कुठे झाली? साहेब पुरावा मागतील. तिचा फोटो मागतील."

"मागतील," योगराज चप्पल घालत म्हणाला. "फोटो आहे आमच्याकडे, आबा. मागच्या वर्षी बाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जाहिरातीसोबत तुम्हीच पाठवला होता."